ड्रॉइंग टॅब्लेट: चार हजारांचा घ्यावा की पस्तीस हजारांचा?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

मी सांगलीला राहते. मुलांची पुस्तकं आणि दिवाळी अंक यांच्यासाठी चित्रं काढते. आजवर सगळं काम कागदावर केलं. आधी पेन्सिल, त्यावर टाक आणि काळी शाई, मग स्कॅन करून पाठवायचं. आता संपादक रंगीत चित्रं मागतात आणि अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी "आजीच्या लुगड्याचा रंग तेवढा बदलून द्या" असा फोन येतो. कागदावर ते करायचं म्हणजे अख्खं चित्र नव्याने. म्हणून ड्रॉइंग टॅब्लेट, म्हणजे संगणकाला जोडून खास पेनाने चित्र काढायची पाटी, घ्यायचं ठरवलंय.

लॅपटॉप १५.६ इंची, विंडोजवाला, ८ जीबी रॅम. बजेट ताणून ताणून ३५ हजार. त्यातले वाचले तर हवेच आहेत. बघून ठेवलेत ते असे: ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा बिनस्क्रीनचा चार-पाच हजारांचा, वॅकॉमचा साधा बिनस्क्रीनचा 'वन' (वन बाय वॅकॉम), वॅकॉमचाच इंटुऑस प्रो, जो बजेटच्या कडेला जातो, आणि स्क्रीनवाले १३ इंची, जे आता वीस-पंचवीस हजारांत दिसतात.

माझी रेषा बारीक सुरू होऊन जाड होते आणि पुन्हा बारीक होत संपते. टाकाची सवय. तीच रेषा स्वस्त टॅब्लेटवर येईल का, एवढंच मला मुख्यतः जाणून घ्यायचंय. बाकीच्या सुविधा नसल्या तरी चालतील.

शाईचा_डाग

रेघोटीताई, मी ठाण्याला असतो, अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो. स्टुडिओत स्क्रीनवाला मोठा वॅकॉम आणि घरी बिनस्क्रीनचा स्वस्तातला, असे दोन्ही रोज हाताखालून जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात २०४८, ४०९६, ८१९२, आता तर १६३८४ असे दाबाच्या पातळ्यांचे (पेनावरचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो त्याचे) आकडे छापलेले असतात. खरेदी करताना या आकड्याकडे अजिबात बघू नका. २०४८ च्या पुढचा फरक हाताला जाणवत नाही. हाताला जाणवतात त्या दोन गोष्टी, आणि त्या खोक्यावर लिहिलेल्या नसतात.

पहिली म्हणजे रेषा उमटायला सुरुवात किती दाबाने होते. चांगल्या पेनाला नुसता स्पर्श पुरतो. स्वस्तातल्या काही पेनांना आधी थोडं रेटावं लागतं आणि मग रेषा एकदम जाड होऊनच उगवते. तुमची बारीक सुरुवात इथे मारली जाते. ८१९२ पातळ्या असल्या तरी त्या त्या रेट्यानंतर सुरू होतात, त्यांचा काय उपयोग?

दुसरी म्हणजे सावकाश ओढलेल्या तिरक्या रेषेचं थरथरणं. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांची उभी-आडवी जाळी असते. ती चुंबकीय लहरी सोडते, पेनातलं वेटोळं त्या पकडून परत पाठवतं, आणि परतीचा संकेत कुठल्या तारेवर किती जोरात आला यावरून पेनाची जागा काढली जाते. पेन दोन तारांच्या मध्ये असतं तेव्हा ती जागा हिशेबानेच ठरते. हा हिशेब जिथे कच्चा असतो तिथे तिरकी रेषा नागमोडी येते. आडवी-उभी सरळ, तिरकी मात्र डुलणारी. झपकन मारलेल्या रेषेत हे दिसत नाही. डोळा, ओठ, बोटं काढताना हात मंदावतो तिथे नेमकं दिसतं.

तपासायची रीत सांगतो. क्रिटा उघडा (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे). तीन-चार पिक्सेलचा साधा ब्रश घ्या आणि टूल ऑप्शन्समध्ये ब्रश स्मूदिंग 'नन' करा. हे विसरू नका, स्मूदिंग चालू असेल तर सॉफ्टवेअरच रेषा गुळगुळीत करतं आणि दोष झाकला जातो. आता टॅब्लेटवर फूटपट्टी साधारण ४५ अंशांत तिरकी धरा आणि पेन अगदी गोगलगायीच्या चालीने ओढा. मग पेन मागच्या टोकाला सैल धरून केवळ त्याच्या वजनाने फरफटत न्या. रेषा उमटते का बघा. पाच मिनिटांचं काम. हे करू देत नसतील त्या दुकानातून घेऊ नका.

बोरूबहाद्दर

+१. वरचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

एक भर घालतो. पूर्वी बाकीच्या कंपन्यांच्या पेनांत ट्रिपल-ए सेल तरी असायचा नाहीतर चार्जिंग तरी करावं लागायचं, आणि बिनसेलचं पेन म्हणजे वॅकॉम हे समीकरण होतं. आता चार हजारांच्या टॅब्लेटचं पेनही बिनसेलचं असतं. त्यामुळे स्वस्त आणि महाग यांच्यातलं अंतर दहा वर्षांपूर्वी होतं तेवढं राहिलेलं नाही. जुने लेख, जुने व्हिडिओ बघून मत बनवू नका.

मी लिनक्सवर आहे. इथे वॅकॉम जोडला की चालतो, ड्रायव्हर (टॅब्लेट संगणकाला ओळखू देणारी प्रणाली) लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच आहे. बाकीच्यांसाठी ओपनटॅब्लेटड्रायव्हर नावाचा मुक्त प्रकल्प आहे, त्याने बरीच मॉडेलं नीट चालतात. घेण्याआधी त्यांच्या यादीत आपलं मॉडेल आहे का बघावं.

पिंपळपान

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी नागपूरची, शैक्षणिक पुस्तकांची चित्रं करते, दिवसाचे सात-आठ तास पेन हातात असतं. मधल्या श्रेणीचा टॅब्लेट सोडून इंटुऑस प्रो घेतला आणि त्याचे पैसे वसूल झाले असं मी ठामपणे म्हणेन.

रेषेबद्दल शाईचा_डाग यांनी लिहिलंच आहे. दिवसभर काम करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, पेनाची जाडी आणि पकड. स्वस्तातली बरीच पेनं बारीक आणि गुळगुळीत प्लॅस्टिकची असतात. नागपूरच्या मे महिन्यात घामेजल्या हातात ती फिरतात, म्हणून आपण आवळून धरतो आणि संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकतं. जाड, रबरी पकडीचं पेन सैल धरता येतं.

दुसरी गोष्ट फारसं कोणी बोलत नाही: पेन हरवलं किंवा पडून बिघडलं तर? ही पेनं एकमेकांना चालत नाहीत. ज्या मॉडेलचं त्याचंच लागतं, बहुतेक वेळा. एका कंपनीचा (नाव घेत नाही) माझा जुना टॅब्लेट उत्तम अवस्थेत कपाटात पडून आहे, कारण ते मॉडेल बंद झालं आणि पेन कुठेच मिळेना. टॅब्लेट घेताना सुटं पेन आणि टोकं आज बाजारात वेगळी विकत मिळतात का, हे आधी शोधा. मिळत नसतील तर तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

शाईचा_डाग

पिंपळपान, सुट्या पेनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पकडीवर उपाय आहे: शाळेच्या मुलांना पेन्सिलीवर चढवायला रबरी ग्रिप मिळतात, त्या बारीक पेनावर बसतात. फक्त बाजूचं बटण झाकलं जाणार नाही असं बघावं लागतं.

कृष्णाकाठ

मी वाईला चित्रकला शिकवतो. पालक येतात आणि विचारतात, सर, एलिमेंटरी झाली, आता इंटरमिजिएटच्या आधी टॅब घेऊन देऊ का? त्यांना सांगतो, ग्रेड परीक्षा कागदावर आहे, मुलाचा हात कागदावरच तयार होऊ द्या. पण तुमची गोष्ट निराळी आहे, ताई. तुमचा हात तयार आहे.

मला आकाराबद्दल सांगायचंय, कारण पैसे वाचवताना लोक नेमका आकार छाटतात. स्मॉल म्हणजे साधारण १५ बाय साडेनऊ सेंटिमीटर, पोस्टकार्डाएवढा. तुमच्या १५.६ इंची स्क्रीनची रुंदी साधारण साडेचौतीस सेंटिमीटर. म्हणजे हात एक सेंटिमीटर हलला की पडद्यावर सव्वादोन सेंटिमीटर रेषा. हाताची प्रत्येक बारीक चूक तेवढ्याच पटीने मोठी दिसते. शिवाय सगळं चित्र मनगटातून निघतं, कोपर आणि खांदा वापरायला जागाच नाही. टाकाने लांब रेषा ओढणाऱ्याला तो आकार काचतो. मीडियम, म्हणजे साधारण २१-२२ बाय साडेतेरा, यापेक्षा खाली जाऊ नका. महागड्यातला स्मॉल घेण्यापेक्षा स्वस्तातला मीडियम बरा, असं माझं स्पष्ट मत.

आणि जोडल्यावर पहिलं काम: झाकणाची कड धरून टॅब्लेटवर एक वर्तुळ काढा. पडद्यावर ते अंड्यासारखं आलं तर टॅब्लेट आणि स्क्रीन यांचं प्रमाण जुळलेलं नाही. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण करायची असते. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं ती न करताच महिनोन्‌महिने चेहरे ओढूनताणून काढत असतात.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार! सर, पोस्टकार्ड म्हटल्यावर लगेच लक्षात आलं. स्मॉल रद्द.

आता स्क्रीनवाल्याबद्दल सांगा ना. कागदावर बघत बघत काढायची सवय आहे. हात खाली आणि नजर वर, हे जमेल का याचीच धाकधूक आहे. तेवढ्यासाठी पंचवीस हजार घालावेत असं मन म्हणतंय.

पिंपळपान

जमतं. थोडे दिवस हात भलतीकडे जातो, मग विसरायला होतं. माऊस वापरताना आपण हाताकडे कुठे बघतो? रोज अर्धा तास नुसत्या ठिपक्याला ठिपका जोडणाऱ्या रेषा ओढा, पुरे आहे.

शाईचा_डाग

स्क्रीनवाल्याचं सुख खरं आहे, खोटं कशाला बोलू. शाईकाम त्यावर भरभर होतं, कारण टोक जिथे टेकतं तिथेच रेषा दिसते. पण पंचवीस हजारांत घेताना या गोष्टी बघा.

काच आणि खालचा पडदा यांच्यात पोकळी असेल तर टोक आणि रेषा यांच्यात अंतर दिसतं, विशेषतः कडेला. 'फुल लॅमिनेशन' लिहिलेलंच घ्या.

मग जोडणी. यांना चित्र एचडीएमआयने, पेनाचा संकेत यूएसबीने आणि वीज वेगळी, अशी तीन शेपट्यांची वायर लागते. एकाच टाइप-सी वायरवर चालतो असं जाहिरातीत दाखवतात, पण त्यासाठी लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर यावं लागतं. स्वस्त लॅपटॉपांच्या बऱ्याच पोर्टांतून नुसता डेटा जातो. पोर्टशेजारी डिस्प्लेची खूण आहे का किंवा कंपनीच्या पानावर डिस्प्लेपोर्ट लिहिलंय का, आधी बघा.

आणि मान. टेबलावर आडवा ठेवून त्यावर वाकून बसलात तर मान आणि खांदे धरतात. तिरका स्टँड हवाच, आणि काही मॉडेलांबरोबर तो येत नाही. बिनस्क्रीनच्यात नजर समोर राहते, पाठ ताठ राहते. घरी मी तोच वापरतो त्याचं हेही एक कारण.

माडाची_झावळी

म्हापशाहून नमस्कार. कोणीच आयपॅडचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते. मी आयपॅडवर प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अ‍ॅप वापरते, एकदाच पैसे भरायचे, वर्गणी नाही. लॅपटॉप लागत नाही, वीज गेली तरी काम थांबत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे हे फार महत्त्वाचं.

पण एक धोक्याची सूचना. अ‍ॅपलची जी स्वस्तातली यूएसबी-सी पेन्सिल आहे, २०२३ मध्ये आलेली, तिला दाब कळतच नाही. तिरपेपणा कळतो, दाब नाही. जाड-बारीक रेषा हवी असणाऱ्याने ती घेऊन काही उपयोग नाही. दुकानदार तीच गळ्यात मारतात, कारण ती सगळ्या नव्या आयपॅडांना चालते. पहिल्या पिढीची, दुसऱ्या पिढीची किंवा प्रो, यांपैकी आपल्या आयपॅडला कुठली चालते ते बघूनच घ्या. आयपॅड आणि दाब ओळखणारी पेन्सिल मिळून ३५ हजारांत बसवायचं तर साधाच आयपॅड येईल आणि त्यात मोठ्या चित्राला लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) कमी मिळतात.

बोरूबहाद्दर

त्या किमतीत सॅमसंगचा टॅब एस६ लाइटही बघण्यासारखा. पेन खोक्यातच येतं, दाबाच्या ४०९६ पातळ्या, आणि एस पेनमागचं तंत्र वॅकॉमचंच आहे. प्रवासात कच्ची रेखाटनं करायला छान. छापायच्या मोठ्या फायलींना मात्र तो दमतो.

दूरदेशी

मी श्टुटगार्टला असतो. सुट्टीत येताना भाऊ-बहिणींसाठी टॅब्लेट आणायची आमच्याकडे पद्धत पडली आहे. आणण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का हे ई-मेलवर लेखी घ्या. बऱ्याचदा ती विकत घेतलेल्या देशापुरतीच असते. इथे वाचलेले पैसे तिथे एका दुरुस्तीत जातात.

कृष्णाकाठ

आणखी एक, छपाईच्या अंगाने. ताई, तुमचं काम कागदावर छापलं जाणार आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. त्यात पंधरा-वीस लेयर झाले की ८ जीबी रॅम हाशहुश करायला लागते. टॅब्लेटमधून वाचतील त्या पैशांतून लॅपटॉपची रॅम वाढवता येते का ते आधी बघा. १६ जीबी झाली तर रोजच्या कामात जो फरक पडेल तो महागड्या टॅब्लेटने पडणार नाही.

आणि रंग. साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर रंग फिके दिसतात, म्हणून आपण ते गडद करत जातो आणि छापून भडक येतं. शिवाय पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. क्रिटामध्ये सीएमवायके, म्हणजे त्याच चार शाईंच्या हिशेबातली फाइल करता येते. छापखान्याकडून त्यांचं रंगांचं प्रोफाइल मागून घ्या आणि अंकाच्या आधी एक पान छापून बघा.

रेघोटी

कालच्या रविवारी कोल्हापूरला मावसबहिणीकडे जाऊन आले. तिच्या मुलाकडे एक स्वस्तातला मीडियम आहे, ८१९२ वाला. त्याच्या मित्राने वॅकॉमचा 'वन' मीडियम आणला होता, २०४८ वाला. दोन्हींवर फूटपट्टी ठेवून शाईचा_डाग यांनी सांगितलेली परीक्षा घेतली.

झपाझप रेषांत मला काहीही फरक कळला नाही. केस, गवत, पाऊस, साडीच्या चुण्या, सगळं दोन्हींवर सारखंच. सावकाश तिरक्या रेषेत मात्र ८१९२ वाल्यावर बारीक लाट दिसली, मोठं करून बघितल्यावर अगदी स्पष्ट. २०४८ वाल्यावर ती जवळजवळ नव्हती. आणि सुरुवात! पेन सैल धरून ओढलं तर 'वन'वर केसासारखी रेषा उमटली. दुसऱ्यावर काहीच नाही, थोडं दाबल्यावर एकदम जाड. आकडा चौपट असलेला टॅब्लेट माझ्या कामाला कमी पडला.

पण हेही सांगते की त्या मुलाने त्याच टॅब्लेटवर काढलेली चित्रं बघून मी थक्क झाले. तो सपाट रंगात, कडा न काढता रंगवतो. त्याच्या कामात बारीक रेषा येतच नाही, आणि त्याला तो टॅब्लेट पूर्ण पुरतो. त्याच्या जागी मी असते तर एक रुपया जास्त घातला नसता.

तेव्हा माझं ठरलं: 'वन' मीडियम. त्याला बटणं नाहीत, तिरपेपणा कळत नाही, माझ्या टाकालाही बटणं नव्हती. उरलेल्या पैशांतून रॅम. इंटुऑस प्रो पिंपळपानताईंसारखं दिवसभराचं काम मिळायला लागलं की बघेन.

आता शेवटचं विचारते. पृष्ठभाग कागदासारखा खरखरीत आहे, हात छान थांबतो, पण मित्राच्या पेनाचं टोक एका बाजूने झिजून छिन्नीसारखं झालं होतं. ते किती दिवस टिकतं? आणि टाकाच्या रेषेसाठी क्रिटामध्ये काय बदलू?

पिंपळपान

छान निवड! टोक किती टिकेल ते तुमच्या दाबावर आहे. जोरात दाबणाऱ्याचं भरभर झिजतं. एका बाजूने सपाट व्हायला लागलं की चिमट्याने धरून थोडं फिरवून बसवा, म्हणजे चौफेर झिजेल. धारदार कड आली की मात्र लगेच बदला, नाहीतर पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. हाताखाली करंगळी आणि अनामिकेचा हातमोजा घाला किंवा सुती रुमाल ठेवा, घामाने हात अडकत नाही.

शाईचा_डाग

आधी ड्रायव्हर. लॅपटॉपवर पूर्वी दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर टाकला असेल तर तो पूर्ण काढा, संगणक पुन्हा सुरू करा, मगच नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र असले की दाब गायब होतो आणि लोक टॅब्लेटला दोष देतात. तरीही दाब लागला नाही तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विंडोज इंक आणि विनटॅब असे पेनाचा संकेत वाचायचे दोन पर्याय आहेत, एकावरून दुसऱ्यावर जाऊन बघा.

मग ब्रश. शाईचा कुठलाही साधा ब्रश घेऊन त्याचं संपादन उघडा. 'साइज'ला दाब जोडलेला ठेवा, 'ओपॅसिटी'चा दाब काढून टाका, म्हणजे शाई फिकी न होता फक्त जाडी बदलेल. दाबाच्या आलेखात डावीकडची सुरुवात खाली दाबून धरा आणि उजवीकडे वर न्या: हलक्या हाताला बराच वेळ बारीक रेषा मिळते आणि शेवटच्या दाबाला ती फुलते. टाक उघडतो तेव्हा होतं तसंच. आलेख एका बैठकीत जमत नाही. एक पान नुसतं रेघोट्यांनी भरा, थोडा बदला, पुन्हा भरा. जमला की ब्रश वेगळ्या नावाने साठवून त्याची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.